घाण्याच्या तेलांपासून साबण: हिशोब, क्रम आणि वारंवार होणाऱ्या चुका

घरी केलेला साबण बिघडला की दोष बहुधा तेलाला, हवामानाला किंवा ढवळणाऱ्याच्या हाताला दिला जातो. प्रत्यक्षात बहुतेक खेपा ढवळायला सुरुवात होण्याआधीच बिघडलेल्या असतात. कुणी तेल वाटीने मोजलेले असते, कुणी एका तेलाच्या जागी दुसरे तेल घेऊन कॉस्टिक सोड्याचे प्रमाण मात्र तेच ठेवलेले असते, तर कुणी ॲल्युमिनियमचे पातेले वापरलेले असते. म्हणून या लेखात तयारी आणि हिशोब यांनाच सर्वांत जास्त जागा दिली आहे. येथे सांगितलेली पद्धत ‘कोल्ड प्रोसेस’ या नावाने ओळखली जाते. तीत मिश्रण शिजवले जात नाही. तेल आणि कॉस्टिकचे पाणी एकत्र झाल्यावर होणाऱ्या अभिक्रियेच्या उष्णतेवरच साबण तयार होतो. पहिली खेप हाती घेण्यापूर्वी लेख शेवटपर्यंत वाचावा, कारण काही टप्प्यांवर मध्येच थांबून पुढचे वाचायला वेळ मिळत नाही.

## १. तेल निवडणे आणि पारखणे

प्रत्येक तेल साबणाला वेगळा गुण देते, आणि म्हणूनच एकाच तेलाचा साबण क्वचितच समाधानकारक होतो. खोबरेलात लॉरिक आम्लाचे प्रमाण जवळपास निम्मे असते. त्यामुळे साबण कठीण होतो आणि भरपूर फेस देतो, परंतु खोबरेल फार झाले तर तोच साबण त्वचा कोरडी पाडतो. शेंगदाण्याचे आणि तिळाचे तेल साबणाला सौम्यपणा देते, मात्र त्यांचा साबण कठीण व्हायला वेळ लागतो. एरंडेल फेस टिकवून धरते. त्याचे प्रमाण एकूण तेलाच्या ५ ते १० टक्के पुरेसे असते. त्याहून जास्त घेतल्यास वडी चिकट राहते. करडई आणि सूर्यफूल ही तेले हवेच्या संपर्काने लवकर खवट होतात, म्हणून ती १५ टक्क्यांच्या आत ठेवावीत. करंज आणि कडुनिंब यांच्या तेलांचा वास उग्र असतो आणि तो साबणात महिनोन् महिने टिकतो, त्यामुळे सुरुवातीला ५ टक्क्यांहून अधिक घेऊ नयेत.

घाण्यावरून नुकतेच आणलेले तेल थेट वापरू नये, कारण त्यात पेंडीचे बारीक कण तरंगत असतात. हे कण साबणात राहिले तर पुढे त्यांच्याभोवतीच खवटपणाचे डाग पडायला सुरुवात होते. तेल दोन-तीन दिवस स्थिर ठेवावे, वरचे निवळलेले तेल अलगद दुसऱ्या भांड्यात ओतावे आणि मग ते दाट विणीच्या कोरड्या सुती कापडातून गाळून घ्यावे. तळाचा गाळ वाया जातो म्हणून तो ढवळून वापरण्याचा मोह टाळावा.

तपासणी: तेलाचा थेंब तळहातावर चोळून वास घ्यावा. खवट वास आल्यास ते तेल बाजूला ठेवावे. साबण झाल्याने खवटपणा जात नाही, उलट वाढतो. तळणीत वापरलेले तेल अंगाच्या साबणासाठी घेऊ नये.

इशारा: केसांना लावण्यासाठी विकल्या जाणाऱ्या काही तेलांत खनिज तेल मिसळलेले असते. खनिज तेलाचा साबण होत नाही, त्यामुळे संपूर्ण हिशोब चुकतो आणि कॉस्टिक शिल्लक राहते. बाटलीवरील घटकांची यादी वाचल्याशिवाय तेल घेऊ नये.

## २. हिशोब

साबण म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा, अर्थात सोडियम हायड्रॉक्साइड, यांच्या अभिक्रियेतून तयार होणारा पदार्थ. एक ग्रॅम तेलाचे पूर्णपणे साबणात रूपांतर व्हायला किती ग्रॅम कॉस्टिक लागते, हे सांगणाऱ्या आकड्याला साबणीकरण मूल्यांक म्हणतात आणि तो प्रत्येक तेलासाठी वेगळा असतो. नेहमी लागणाऱ्या तेलांचे सोडियम हायड्रॉक्साइडसाठीचे मूल्यांक साधारणपणे असे आहेत: खोबरेल ०.१८३, शेंगदाणा ०.१३६, तीळ ०.१३४, करडई ०.१३६, सूर्यफूल ०.१३४, एरंडेल ०.१२८, करंज ०.१३० आणि कडुनिंब ०.१३७.

काही तक्त्यांत हेच मूल्यांक पोटॅशियम हायड्रॉक्साइडसाठी दिलेले असतात आणि ते सुमारे १.४ पट मोठे असतात. ते द्रवरूप साबणासाठी असतात. खोबरेलासमोर ०.२५ च्या वरचा आकडा दिसला तर चुकीचा तक्ता उघडला आहे असे समजावे.

आता एक खेप मांडून पाहू. एकूण तेल ५०० ग्रॅम, त्यात खोबरेल २०० ग्रॅम, शेंगदाण्याचे तेल २५० ग्रॅम आणि एरंडेल ५० ग्रॅम.

खोबरेल: २०० × ०.१८३ = ३६.६ ग्रॅम
शेंगदाणा: २५० × ०.१३६ = ३४.० ग्रॅम
एरंडेल: ५० × ०.१२८ = ६.४ ग्रॅम
एकूण कॉस्टिक: ७७.० ग्रॅम

हे सर्व कॉस्टिक घातले तर तेलाचा अंशही शिल्लक राहणार नाही, आणि वजनात थोडी जरी चूक झाली तरी साबणात मोकळे कॉस्टिक राहील. म्हणून कॉस्टिक ५ टक्क्यांनी कमी घेतात, ज्यामुळे तितके तेल साबणात तसेच उरते. यालाच सुपरफॅट म्हणतात. ७७.० × ०.९५ = ७३.१५, म्हणून प्रत्यक्ष वजन ७३ ग्रॅम. पाणी कॉस्टिकच्या दुप्पट, म्हणजे १४६ ग्रॅम.

ही ५ टक्क्यांची सूट किती लहान असते ते नीट ध्यानात घ्यावे. वरच्या खेपेत ती जेमतेम ४ ग्रॅम कॉस्टिकइतकी आहे. समजा, खोबरेल कमी पडले म्हणून त्यातील १०० ग्रॅमच्या जागी शेंगदाण्याचे तेल घेतले आणि कॉस्टिक तेवढेच ठेवले. आता पूर्ण साबणीकरणाला ७२.३ ग्रॅमच पुरतात आणि आपण ७३ ग्रॅम घातलेले आहे, म्हणजे सूट संपून थोडे कॉस्टिक मोकळे राहिले. दुसरी चूक याहून सर्रास होते. ५०० ग्रॅमऐवजी ५०० मिलिलिटर तेल मोजले, तर तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने त्याचे वजन सुमारे ४६० ग्रॅम भरते आणि त्याला ७१ ग्रॅमपेक्षाही कमी कॉस्टिक लागते. असा साबण दिसायला उत्तम असतो, पण अंगाला लावल्यावर जळजळतो. माझ्या मते घरगुती साबणातील निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ या दोन चुकांत आहे, आणि म्हणून एकही तेल बदलले, वाढवले किंवा घटवले की हिशोब पहिल्यापासून पुन्हा मांडावा.

कॉस्टिकच्या डब्यावर शुद्धता स्पष्ट लिहिलेली असेल, उदाहरणार्थ ९६ टक्के, तर ७३.१५ ला ०.९६ ने भागावे. उत्तर सुमारे ७६ ग्रॅम येते. शुद्धता लिहिलेली नसेल तर अंदाजाने वाढवू नये. कॉस्टिक किंचित कमी पडल्यास साबण थोडा मऊ होतो, जास्त झाल्यास तो वापरण्याजोगा राहत नाही.

इशारा: पहिली खेप ५०० ग्रॅम तेलाहून लहान करू नये. १०० ग्रॅम तेलाला साधारण १५ ग्रॅम कॉस्टिक लागते. त्यात काट्याची एका ग्रॅमची चूक झाली तरी ती सुपरफॅटपेक्षा मोठी ठरते.

## ३. भांडी, साधने आणि अंगावरचे संरक्षण

काटा डिजिटल असावा आणि त्याने निदान १ ग्रॅमचा फरक दाखवावा. कॉस्टिकचे पाणी करण्यासाठी स्टेनलेस स्टीलचे किंवा जाड पॉलिप्रॉपिलीनचे, निदान एक लिटर मावेल असे उभट भांडे घ्यावे. काचेचे भांडे कॉस्टिकने हळूहळू झिजते आणि एखाद्या दिवशी गरम द्रावणासह तडकते, म्हणून ते उष्णतारोधक असले तरी घेऊ नये. ॲल्युमिनियम तर पूर्णपणे वर्ज्य आहे: कॉस्टिक त्याला खाते आणि ज्वालाग्राही हायड्रोजन वायू बाहेर पडतो. तांबे, पितळ आणि लोखंड यांच्या संपर्काने तेल लवकर खवट होते. यांखेरीज तेलासाठी स्टीलचे मोठे पातेले, सिलिकॉनचा चमचा, थर्मामीटर, हँड ब्लेंडर आणि साचा लागतो. ही साधने स्वयंपाकात परत वापरू नयेत.

डोळ्यांना बाजूंनीही बंद असणारा गॉगल, कोपराकडे जाणारे रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बंद पादत्राणे घालावीत. साधा चष्मा हा गॉगलला पर्याय नाही. मुले आणि पाळीव प्राणी दुसऱ्या खोलीत असावेत आणि वाहते पाणी हाताशी असावे.

इशारा: कॉस्टिक त्वचेवर उडाल्यास ताबडतोब भरपूर वाहत्या पाण्याने निदान १५ ते २० मिनिटे धुवावे आणि भिजलेले कपडे काढून टाकावेत. त्वचेवर व्हिनेगर किंवा लिंबू लावू नये, कारण त्याने आणखी उष्णता निर्माण होते. डोळ्यांत गेल्यास पापण्या उघड्या धरून तितकाच वेळ धुवावे आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. पोटात गेल्यास उलटी करवू नये, थेट रुग्णालय गाठावे.

कॉस्टिक सोडा, धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा हे तीन वेगळे पदार्थ आहेत आणि यांपैकी पहिल्यानेच कठीण वडी तयार होते. तुंबलेली मोरी साफ करण्याची पावडरही चालत नाही, कारण तिच्यात बऱ्याचदा इतर रसायने आणि ॲल्युमिनियमचे तुकडे असतात.

## ४. कॉस्टिकचे पाणी तयार करणे

पाणी डिस्टिल्ड घ्यावे. जड पाण्यातील क्षार साबणाशी संयोग पावून न विरघळणारी साय धरतात आणि फेस कमी होतो.

प्रथम १४६ ग्रॅम थंड पाणी भांड्यात मोजून घ्यावे. नंतर वेगळ्या कोरड्या भांड्यात ७३ ग्रॅम कॉस्टिक मोजावे आणि डब्याचे झाकण लगेच घट्ट लावावे, कारण कॉस्टिक हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि पुढच्या वेळी त्याच वजनात कॉस्टिक कमी भरते. मग खिडकीजवळ किंवा उघड्यावर, तोंड बाजूला ठेवून, पाण्यात कॉस्टिक थोडे थोडे टाकत ढवळावे.

इशारा: नेहमी पाण्यात कॉस्टिक टाकावे, कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नये. उलट क्रमाने केल्यास द्रावण एकदम उकळून बाहेर उसळते.

द्रावणाचे तापमान काही क्षणांत ८० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते आणि घशाला झोंबणारी वाफ येते. तिचा श्वास घेऊ नये. तळाशी खडा राहिलेला नाही याची खात्री होईपर्यंत ढवळावे, कारण न विरघळलेला कण साबणात तसाच राहतो. द्रावण निवळशंख झाल्यावर भांडे सुरक्षित जागी ठेवून निवू द्यावे आणि त्यावर ‘कॉस्टिक’ अशी चिठ्ठी लावावी. निवलेले द्रावण पाण्यासारखेच दिसते, आणि घरात दुसरे कुणी असेल तर ही चिठ्ठी अत्यावश्यक आहे.

## ५. तेले एकत्र करणे आणि तापमान जुळवणे

खोबरेल सुमारे २४ अंशांखाली गोठते, म्हणून थंडीत ते आधी मंद आचेवर वितळवून मगच मोजावे. सर्व तेले एकाच पातेल्यात मोजताना प्रत्येक तेलानंतर काटा शून्यावर आणावा आणि मोजलेल्या तेलापुढे कागदावर खूण करावी. एखादे तेल दोनदा पडणे किंवा राहून जाणे, हे बोलण्याच्या नादात सहज होते.

तेल आणि कॉस्टिकचे पाणी ही दोन्ही ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान असावीत आणि त्यांच्यातील फरक साधारण ५ अंशांपेक्षा जास्त नसावा. मिश्रणात कोकमतेलासारखे घट्ट तेल असेल तर ४० अंशांच्या वरच राहावे.

सुगंध, रंग आणि साचाही याच वेळी तयार ठेवावा, कारण पुढच्या टप्प्यात मिश्रण कुणासाठी थांबत नाही. मुलतानी मातीसारखी भुकटी ५०० ग्रॅम तेलाला एक चहाचा चमचा पुरते आणि ती थोड्या तेलात आधी कालवून घ्यावी, नाही तर गाठी राहतात. सुगंधी तेल एकूण तेलाच्या २ टक्के, म्हणजे येथे १० ग्रॅम घ्यावे. लवंग आणि दालचिनीच्या तेलाने मिश्रण झपाट्याने घट्ट होते आणि त्वचेलाही त्रास होऊ शकतो, म्हणून नवशिक्यांनी ती टाळावीत. पानांच्या भुकटीचा हिरवा रंग आणि फुलांच्या पाकळ्यांचा रंग कॉस्टिकमुळे तपकिरी होतो. हळद घातली की मिश्रण प्रथम लालसर दिसते. त्यात काही बिघडलेले नसते. ताज्या फळांचा गर, दही किंवा कोरफडीचा गर पहिल्या खेपांत घालू नये.

## ६. मिसळणे आणि ट्रेस ओळखणे

तेलात कॉस्टिकचे पाणी बारीक धारेने ओतावे. हँड ब्लेंडर तिरका बुडवून त्याच्या घंटेत अडकलेली हवा आधी काढून टाकावी आणि तो तळाशी टेकल्यावरच चालू करावा. काही सेकंद ब्लेंडर, मग तो बंद ठेवून चमच्यासारखे ढवळणे, पुन्हा काही सेकंद ब्लेंडर, असा क्रम ठेवावा. सलग चालवल्यास मिश्रण अचानक घट्ट होते आणि साच्यात नीट पसरत नाही.

मिश्रणाची तेलकट चमक जाऊन ते एकरंगी झाले, आणि ब्लेंडर उचलल्यावर पडणारी धार पृष्ठभागावर क्षणभर रेघेसारखी उमटून राहिली, की ट्रेस आला असे म्हणतात. पातळ खिरीइतका दाटपणा साच्यात ओतायला पुरेसा असतो. सुगंध आणि रंग याच वेळी घालून चमच्याने ढवळावे.

तपासणी: ब्लेंडर थांबवून मिश्रण एक मिनिट तसेच ठेवावे. वर तेलाचे तवंग आले तर ट्रेस आलेला नाही. तापमान फार उतरल्यास खोबरेल किंवा कोकमतेल गोठून मिश्रण घट्ट झाल्याचा भास होतो. अशा वेळी पातेले कोमट पाण्यात ठेवून ढवळले की ते पुन्हा पातळ होते आणि फसगत टळते.

हाताने ढवळूनही ट्रेस येतो, परंतु त्याला तासभर किंवा अधिक वेळ लागू शकतो. कंटाळून मिश्रण आधीच साच्यात ओतणे हेच तेल वेगळे होण्याचे मुख्य कारण आहे.

## ७. साच्यात ओतणे

साचा सिलिकॉनचा किंवा आतून बटर पेपर लावलेला लाकडी असावा. मिश्रण ओतून साचा दोन-तीन वेळा हलकेच आपटावा, म्हणजे हवेचे बुडबुडे निघून जातात. वर पुठ्ठा झाकावा. थंड हवेत भोवती कापड गुंडाळावे, उष्ण हवेत गुंडाळू नये. मध्यभागी साबण अर्धपारदर्शक आणि गरम दिसणे स्वाभाविक आहे, पण वरचा भाग फुगून चीर पडू लागली तर झाकण काढून साचा वाऱ्यावर ठेवावा.

पातेल्याला लागलेला कच्चा साबणही दाहक असतो. हातमोजे न काढता तो कागदाने पुसून घ्यावा आणि भांडी दुसऱ्या दिवशी धुवावीत. तोवर उरलेल्या थराचा साबण झालेला असतो.

## ८. काढणे, कापणे आणि तपासणे

साधारण २४ ते ४८ तासांनी साबण बोटाने दाबल्यावर दबला नाही तर साच्यातून काढावा. मऊ असल्यास ओढून काढू नये, आणखी एक-दोन दिवस थांबावे. हातमोजे घालूनच वड्या कापाव्यात. फार उशीर केल्यास खोबरेल जास्त असलेला साबण कापताना तुकडे पडतात.

कापलेली बाजू नीट पाहावी. पृष्ठभागावरची पांढरी भुकटी बहुधा सोडियम कार्बोनेटची असते आणि ती पुसून टाकता येते. मात्र आत पांढरे कठीण खडे, ओलसर पोकळ्या किंवा साठलेला द्रव दिसला तर ते मोकळे कॉस्टिक असू शकते. अशा वडीला उघडा हात लावू नये आणि पुढची चाचणीही करू नये. वडी निर्दोष दिसत असेल तर तीन-चार दिवसांनी ओले बोट तिच्यावर चोळून ते जिभेच्या टोकाला क्षणभर लावावे आणि चूळ भरावी. विजेचा हलका झटका बसल्यासारखे वाटले तर साबणात कॉस्टिक मोकळे आहे. नुसती साबणाची चव लागली तर ठीक. पीएच कागदावर चांगला साबण ९ ते १० च्या आसपास दिसतो, पण केवळ कागदावर विसंबू नये.

## ९. मुरवणे

साबणीकरणाचा मोठा भाग पहिल्या एक-दोन दिवसांतच उरकतो. तरीही वड्या ४ ते ६ आठवडे मुरवाव्या लागतात, कारण त्या काळात पाणी उडून वडी कठीण होते, फेस सुधारतो आणि साबण लवकर विरघळत नाही. घाईने वापरलेला साबण काही दिवसांतच लगदा होतो, आणि मग दोष पुन्हा तेलावर येतो.

वड्या एकमेकींना न टेकता, खालूनही वारा लागेल अशा लाकडी किंवा प्लास्टिकच्या जाळीवर, उन्हापासून दूर ठेवाव्यात आणि आठवड्यातून एकदा उलटाव्यात. लोखंडी जाळीवर ठेवल्यास टेकलेल्या जागी डाग पडतात.

तपासणी: एका वडीवर खूण करून तिचे वजन दर आठवड्याला लिहावे. सलग दोन आठवडे वजन जवळपास सारखे भरले की साबण मुरला. प्रत्येक खेपेची तारीख, तेलांची वजने, कॉस्टिक आणि पाणी हे त्याच कागदावर नोंदवावे, कारण बिघाड झाल्यास कारण शोधायला दुसरा आधार नसतो.

## १०. बिघडलेल्या खेपेचे काय करावे

तेल वेगळे झाले असेल, पण वजने बरोबर असतील, तर सर्व मिश्रण, निघालेल्या द्रवासह, स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर घेऊन एकजीव होईपर्यंत ढवळावे आणि पुन्हा साच्यात भरावे. हातमोजे आणि गॉगल याही वेळी हवेत.

कॉस्टिक जास्त पडल्याचे नंतर लक्षात आले आणि किती जास्त ते नक्की ठाऊक असेल, तर तितक्याच हिशोबाने तेल वाढवता येते. समजा, ७३ ऐवजी ८३ ग्रॅम पडले. जादा १० ग्रॅमसाठी शेंगदाण्याचे तेल १० ÷ (०.१३६ × ०.९५), म्हणजे सुमारे ७७ ग्रॅम लागेल. साबण किसून, थोडे पाणी आणि हे तेल घालून, मंद आचेवर पूर्ण एकजीव करावा आणि जिभेची चाचणी पुन्हा घ्यावी. किती चूक झाली ते ठाऊक नसेल तर अंदाजाने तेल घालत बसू नये. ती खेप अंगाला लावण्यासाठी वापरू नये.

काही महिन्यांनी वडीवर नारिंगी डाग आणि तेलकट वास आल्यास तेल खवट झालेले असते आणि त्यावर उपाय नाही. पुढच्या खेपेत तेल ताजे आणि नीट गाळलेले घ्यावे, करडई किंवा सूर्यफूल कमी करावे, आणि अर्थातच कॉस्टिकचा हिशोब पुन्हा मांडावा.